उघडायला सोपा, सुट्या भागांना महाग

फेअरफोन भारतात विकला जात नाही. अ‍ॅमस्टरडॅममधली ही कंपनी आपले फोन मुख्यतः युरोपातच पाठवते. ऑर्डर देताना पुण्याचा पत्ता टाकायची सोयच नाही. त्यामुळे भारतात ज्या थोड्या लोकांकडे हा फोन दिसतो, त्यांनी तो बहुधा कुणाच्या तरी बॅगेतून आणवलेला असतो. माझा फेअरफोन ४ नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मावसबहिणीच्या बॅगेतून २०२२ च्या गणपतीत आला. "लोक तिकडून चॉकलेटं मागवतात, तू फोन कसला मागवतोस? तुमच्याकडे गल्लोगल्ली फोन मिळतात ना रे?" असं म्हणत तिने तो माझ्या हातात ठेवला.

मिळतात, पण मला हवा होता तो वेगळ्या कारणाने. फोनमध्ये कथिल, टँटलम, टंगस्टन आणि सोनं असतं, बॅटरीत कोबाल्ट असतं. जगातलं निम्म्याहून कितीतरी जास्त कोबाल्ट एकट्या काँगोतून येतं आणि त्यातला काही भाग हाताने खणलेल्या, आधाराशिवायच्या खाणींतून. तिथे माणसं, कधी मुलंही, पोटासाठी खाली उतरतात. पूर्व काँगोत तर खाणींच्या पैशावर सशस्त्र टोळ्या पोसल्या गेल्या. २०१० साली अ‍ॅमस्टरडॅमच्या 'वाग' या संस्थेत याविषयी जागृतीची मोहीम सुरू झाली. बास व्हान अबेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पुढे ठरवलं की नुसतं ओरडून भागत नाही, फोनच बनवून पाहू. २०१३ मध्ये कंपनी उभी राहिली आणि पहिला फेअरफोन आला.

त्यांची एक गोष्ट मला विशेष पटली. काँगोतून माल घेणंच बंद करून त्यांनी हात झटकले नाहीत. तसं केलं की आपली पाटी कोरी राहते, पण खाणीवर जगणाऱ्याची चूल विझते. तिथेच राहून खाणी सुधारायच्या, असा त्यांचा मार्ग. २०२० मध्ये हाताने खणल्या जाणाऱ्या कोबाल्टसाठी स्थापन झालेल्या 'फेअर कोबाल्ट अलायन्स'मध्ये ते पहिल्यापासून आहेत. फोनची जुळणी चीनमध्येच होते, पण तिथल्या कामगारांना किमान वेतन आणि जगण्यापुरतं वेतन यांतली तफावत भरून काढण्यासाठी बोनस दिला जातो. फोनच्या किमतीच्या मानाने ही रक्कम अगदी थोडी असते, हे वाचल्यावर बाकीच्यांना ते का जमत नाही हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. आपला फोन शंभर टक्के न्याय्य आहे असा दावा मात्र कंपनी करत नाही. तेही मला आवडलं.

किंमत ५७९ युरो, म्हणजे तेव्हाच्या दराने ४६ हजारांच्या आसपास. तेवढ्या पैशांत इथे याहून वेगवान आणि चांगल्या कॅमेऱ्याचा फोन सहज आला असता. कुरिअरने मागवण्याच्या फंदात पडलोच नाही. आयात शुल्क आणि त्यावर जीएसटी लागून आकडा कुठल्या कुठे गेला असता. परदेशातून येणाऱ्या भारतीय प्रवाशाला तेव्हा ५० हजार रुपयांपर्यंतचं सामान शुल्काशिवाय आणता येत होतं. फोन आणि एक जादा बॅटरी मिळून आमचा हिशेब जेमतेम त्यात बसला. ही बॅटरी मात्र तिला पर्समध्ये ठेवावी लागली. सुटी लिथियम बॅटरी विमानात चेक-इन बॅगेत चालत नाही, आणि पोस्टाने किंवा कुरिअरने एकटी बॅटरी पाठवायची म्हटलं की तिकडचा कारकून मान हलवतो. पुढे फोनचा प्रत्येक विचार मला याच वाटेने करावा लागणार होता: कोण येतंय, कधी येतंय, आणि त्यांच्या बॅगेत जागा आहे का.

घरात आल्यावर पहिली परीक्षा सिमकार्डाची. आता बहुतेक फोन कॉल फोरजीवरूनच जातात. जिओने तर २०१६ मध्ये सुरुवात केली तीच फक्त फोरजीवर. त्या जाळ्यावर मागे हटायला टूजी-थ्रीजी नाहीच. फोरजीवरून आवाज जायला प्रत्येक मोबाइल कंपनीच्या जाळ्यासाठी फोनमध्ये वेगळी मांडणी असावी लागते, आणि जिथे फोन विकायचाच नाही तिथल्या जाळ्यावर चाचण्या करत कोण बसणार? घरातल्या दोन सिमांपैकी एक निमूट चाललं. दुसऱ्यावर कॉल आला की नेटवर्क टूजीवर उतरायचं आणि तेवढा वेळ इंटरनेट गप्प. मी चालणारं सिम ठेवलं आणि दुसरं आईच्या फोनमध्ये गेलं.

मग कव्हर आणि काच. ज्या चौकात मोबाइलच्या कव्हरांची दुकानं एकाला एक लागून आहेत, तिथे मॉडेलचं नाव सांगितलं की पोरं एकमेकांकडे पाहायची. एकाने फिल्म कापायच्या मशिनच्या पडद्यावर शेकडो मॉडेलांची यादी खालीवर केली, मग माझा फोन दुसऱ्या एका फोनवर ठेवून पाहिला आणि म्हणाला, "याचीच कापतो, वर दोन मिलिमीटर उघडं राहील. चालेल?" चाललं. कव्हराशिवाय मी तसाच वापरत राहिलो.

वापरायला फोन साधा, भरवशाचा. त्याची खरी गंमत पाठीमागे. खालच्या कोपऱ्यात नख घातलं की मागचं झाकण निघतं आणि बॅटरी हाताने बाहेर येते, पूर्वीच्या नोकियासारखी. ट्रेकला मी चार्जर, पॉवर बँक काही नेत नाही. गडावर पोचलो की बॅटरी काढायची, दुसरी घालायची आणि दहा सेकंदांत फोन पूर्ण भरलेला. बरोबरची मंडळी हे पाहायला गोळा होतात आणि "आमच्या फोनला हे का नाही?" असं विचारतात.

सॉफ्टवेअरच्या बाबतीतही तक्रारीला जागा नाही. सुरक्षेचं अपडेट अ‍ॅमस्टरडॅमला येतं तसंच पुण्यातही येतं. त्याला कस्टम लागत नाही. कंपनीचा या बाबतीतला इतिहासही चांगला आहे. २०१५ च्या शेवटी आलेल्या फेअरफोन २ ला त्यांनी मार्च २०२३ पर्यंत अपडेट पुरवली, म्हणजे सात वर्षांहून अधिक. २०२३ च्या फेअरफोन ५ ला तर २०३१ पर्यंतचा शब्द दिलाय. वायरमधून येणारं सगळं मला युरोपातल्या माणसाइतकंच मिळतं. अडतं ते पेटीत घालून पाठवायच्या वस्तूंपाशी.

ते अडणं कळलं एका पावसाळ्यात. बसमधून उतरताना मागून धक्का बसला, फोन फुटपाथच्या कडेवर उपडा पडला आणि डिस्प्लेची निम्मी बाजू काळी झाली. मी तो घेऊन तपकीर गल्लीत गेलो. बुधवार पेठेतल्या या गल्लीत वायरीपासून स्पीकरपर्यंत सगळं मिळतं, आणि फोन दुरुस्त करणारे तर हातभर रुंदीच्या टेबलावर दुकान थाटून बसलेले असतात. माझ्या ओळखीच्या कारागिराने फोन उलटासुलटा केला.

"सर, हा कुठला काढला?"

मी सांगितलं. त्याने ऐकलं नव्हतं. झाकण नखाने निघतं हे दाखवल्यावर मात्र त्याने हातातला चिमटा खाली ठेवला. त्याच्या टेबलावर तेव्हा दुसऱ्या कुणाचा फोन गरम प्लेटवर पडला होता. चिकटवलेल्या फोनचा डिस्प्ले काढायचा म्हणजे आधी तो तापवायचा, गोंद सैल झाला की कडेने पातळ पत्रा फिरवायचा, काच तडकू न देता उचलायची, जुना गोंद लिक्विडने पुसायचा, नवा फोल्डर, म्हणजे काचेसकट डिस्प्ले, बसवून कडेने बी-७००० गोंदाची बारीक रेघ ओढायची आणि रबर बँड लावून वाळत ठेवायचा. माझ्या फोनला यातलं काहीच लागत नव्हतं. बॅटरी काढली की मोजके साधे स्क्रू, ते काढले की डिस्प्ले मोकळा.

"एक नंबर बनवलाय," तो म्हणाला. "पण फोल्डर कुठाय?"

फोल्डर नव्हता. तपकीर गल्लीत नाही, मुंबईला लॅमिंग्टन रोडला फोन करून विचारलं, तिथेही नाही. कॉपी नाही, जुन्या फोनमधून काढलेला नाही. त्याच टेबलावर माझ्या आईचा नऊ-दहा हजारांचा, सगळीकडून चिकटवलेला, दुरुस्तीच्या गुणांत काठावरही पास होणार नाही असा फोन आजवर किती वेळा उघडला गेलाय. त्याची बॅटरी बदलली, चार्जिंगची पट्टी बदलली, फोल्डर बदलला. दर वेळी माणूस मागच्या दुकानात पोरगं पिटाळतो, पाच मिनिटांत पार्ट येतो आणि आपला चहा संपेपर्यंत फोन सुरू. तिला कुठे युरोपातून कुणी यायची वाट पाहावी लागत नाही.

माझा डिस्प्ले तिकडे सुमारे ८० युरोंना मिळत होता. ऑर्डर मावसबहिणीच्या पत्त्यावर गेली आणि मग पुण्याला येणाऱ्या माणसाचा शोध सुरू झाला. शेवटी तिच्या नवऱ्याच्या ऑफिसातले एक जण दिवाळीला घरी येणार होते, त्यांच्या कपड्यांच्या घडीतून तो आला. तोवर मी कपाटातला जुना फोन काढून वापरत होतो. नवा डिस्प्ले मी घरीच बसवू शकलो असतो, पण मुद्दाम गल्लीत घेऊन गेलो. त्याने स्क्रू काढले, जुना उचलला, नवा बसवला, स्क्रू लावले. पैसे किती विचारल्यावर तो हसला. "यात माझं काम काय होतं?"

ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं, कारण या फोनची सगळी रचनाच त्यात आली. नेदरलँड्समध्ये कारागिराचा एक तास इतका महाग की दुरुस्तीपेक्षा नवा फोन बरा वाटतो. म्हणून तिथल्या शहाण्या माणसांनी असा फोन बनवला की कारागिराची गरजच पडू नये. सुटा भाग दोन-चार दिवसांत घरपोच येतो, मालक स्वतः बसवतो. त्यांच्या अडचणीवर हे उत्तर चोख आहे. आपली अडचण नेमकी उलटी. आपल्याकडे हात आहेत, आणि कसलेले हात आहेत. बोर्डावरचा मुंगीएवढा आयसी हॉट एअरने उचलून दुसरा बसवणारी पोरं गल्लीत बसलेली आहेत. आपल्याला लागतो तो पार्ट. फेअरफोनने हाताचं काम सोपं केलं आणि पार्ट मात्र सीमेपलीकडे ठेवला. म्हणून दुरुस्तीला जगात सर्वांत सोप्या फोनांपैकी एक फोन पुण्यात दुरुस्तीला सर्वांत अवघड ठरतो.

कायदेही सीमेपाशीच थांबतात. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियम लागू केलाय की स्मार्टफोनची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षं त्याचे महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत. आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं. त्यात कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती एका ठिकाणी द्यावी अशी कल्पना आहे. पण जो फोन इथे विकलाच जात नाही, त्याच्या मालकाला यातलं काहीच लागू नाही. पाच वर्षांची वॉरंटीही तिकडच्या मातीतलीच. ती वापरायची तर फोन परत तिकडे न्यायचा.

मग घेतला ते वाया गेलं का? नाही. खाणीतल्या माणसाला आणि जुळणीच्या ओळीतल्या बाईला जे मिळायचं ते मी पैसे मोजले तेव्हाच मिळालं. फोन मग पुण्यात वापरा नाहीतर पॅरिसमध्ये. पण वस्तू बनवताना न्याय झाला म्हणजे अर्धंच काम झालं. उरलेलं अर्धं ती किती वर्षं चालते यावर ठरतं, आणि ते माझ्या घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत काय मिळतं त्यावर अवलंबून आहे.

म्हणून कुणी विचारलं की मी सरळ सांगतो. युरोपातून दर वर्षी घरचं कुणी येत असेल, तर जरूर घ्या, आणि फोनबरोबरच एक बॅटरी आणि एक डिस्प्ले मागवून कपाटात ठेवा. तसं कुणी नसेल, तर आधी तपकीर गल्लीत किंवा तुमच्या गावात जिथे असे कारागीर बसत असतील तिथे जा, कुठल्या फोनचा फोल्डर आणखी पाच वर्षं मिळेल ते विचारा, तो घ्या आणि हाताबाहेर जाईपर्यंत वापरा. काँगोतून नवा माल खणायची वेळ जितकी लांबवाल तितकं बरं. आणि कंपनीकडे एकच मागणं: इथे फोन विकू नका हवं तर, जाहिरात करू नका, सेवाकेंद्र उघडू नका. शंभर डिस्प्ले आणि दोनशे बॅटऱ्या फक्त इथल्या एखाद्या घाऊक व्यापाऱ्याकडे ठेवा. बसवायचं आम्ही बघून घेऊ.