दोन टक्क्यांचे द्रव्य

नातेपुत्याच्या पेठेत तीन पिढ्यांचे किराणा दुकान असलेल्या एका गृहस्थांची विजेवर चालणारी स्कूटर चौथ्या उन्हाळ्यात थकली. पूर्वी दहीगावला महावीरस्वामींचे दर्शन घेऊन, येताना उधारी वसूल करूनही ती दुसऱ्या दिवसाला पुरे. आता संध्याकाळीच धाप टाकू लागली. नव्या बॅटरीची किंमत ऐकून गृहस्थांनी हात आखडता घेतला. तेवढ्यात एका ओळखीच्याने स्वस्त तोड सांगितली : बॅटरी उघडून आत 'ताकदीचे लिक्विड' भरायचे. दुकानातील इन्व्हर्टरला वेळोवेळी पाणी घालणाऱ्या माणसाला यात वावगे ते काय वाटणार? विसार देण्याचे ठरलेही.

रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या सुनेने मात्र ते अडवले. "पप्पा, तो डबा उघडू देऊ नका. त्याला पाणी चालत नाही." सासरे रागावले. पैशाच्या व्यवहारात सुनेने बोलण्याची त्या घरी रीत नव्हती. तरी त्यांनी ऐकून घेतले, हे त्यांचे मोठेपण.

लिथियम-आयन बॅटरीच्या पहिल्याच चार्जिंगमध्ये एक विलक्षण घटना घडते. ग्राफाइटच्या पृष्ठभागाशी आतील द्रवाचा, म्हणजे इलेक्ट्रोलाइटचा, थोडा अंश विघटित होऊन तेथे अतिशय पातळ पापुद्रा धरतो. इस्रायली शास्त्रज्ञ इमॅन्युएल पेलेड यांनी १९७९ मध्ये अशा पापुद्र्याची संकल्पना मांडली. तो लिथियमच्या आयनांना वाट देतो, इलेक्ट्रॉनांना अडवतो. म्हणून उरलेला द्रव टिकतो. मात्र तो घडवताना साधारण पाच ते दहा टक्के लिथियम कायमचे अडकते. व्यापाऱ्याच्या भाषेत ही गाळ्याची पागडी. दिल्यावाचून दुकान उघडत नाही. पुढे पापुद्रा तडकला की डागडुजीला पुन्हा लिथियम खर्ची पडते. उन्हाळ्यात हा घसारा वाढतो, आणि माळशिरस तालुक्यातील उन्हाळा कोणाला सांगायला नको.

पापुद्रा मुळातच चिवट व्हावा म्हणून द्रवात पूरक द्रव्ये मिसळतात. व्हिनिलीन कार्बोनेट हे त्यांतील सर्वांत परिचित. प्रमाण अवघे दोन टक्क्यांच्या आसपास. मुख्य द्रावकाच्या आधी स्वतः विघटित होऊन ते घट्ट थर धरते. सिलिकॉन वापरलेल्या बॅटरीत फ्लुओरोएथिलीन कार्बोनेट घालतात, कारण सिलिकॉन फुगते आणि आकसते. प्रमाण वाढवले तर अंतर्गत रोध वाढतो. आमटीतल्या मिठाचीच गत. कॅनडातील डलहौसी विद्यापीठाचे जेफ डान यांनी अशा मिश्रणांच्या शोधात वर्षानुवर्षे घालवली. आपल्याकडे ठाण्यात मुख्यालय असलेल्या निओजेन केमिकल्सने २०२३ मध्ये जपानच्या एमयू आयॉनिक सोल्यूशन्सकडून इलेक्ट्रोलाइट बनवण्याचे तंत्र परवान्यावर घेतले.

परंतु हे सारे कारखान्यात, पहिल्या चार्जिंगच्या आधी आणि कोरड्या हवेत करावयाचे काम. द्रवातील लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट हा क्षार पाण्याच्या अंशानेही बिघडून हायड्रोफ्लुओरिक आम्ल निर्माण करतो. पेठेत बॅटरी फोडणाऱ्याला विषारी वाफ मिळेल, प्रसंगी आगही.

विसार दिला गेला नाही. स्कूटर आता दुपारी पत्र्याखाली तापत नाही. फेरीनंतर निवू दिल्यावरच रात्री चार्जिंगला लागते, आणि रोज शंभर टक्के भरण्याचा आग्रहही सुटला आहे. गेलेले अंतर परत आले नाही. नव्या बॅटरीचा विषय दिवाळीवर ढकलला आहे. ती आणण्यापूर्वी वॉरंटीचा कागद सुनेने वाचावा, असे सासऱ्यांनीच सांगितले आहे.