तळ्याकाठचं गाव

जत

चि. ओंकारला आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं स्वीडनमधल्या वाडस्टेनाचं वर्णन घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. व्हेटर्न सरोवर, डॅनिश हल्ल्यांच्या धास्तीनं राजानं १५४५ साली बांधायला घेतलेला किल्ला, भोवती पाण्यानं भरलेला खंदक. आणि शेवटी विचारलंस, 'आपल्या जतला असलं काही आहे की नुसतं ऊन?'

आहे की. फक्त आपली गोष्ट पाणी अडवण्याची. एप्रिल १६७३. विजापूरचा बहलोलखान मोठी फौज घेऊन निघालेला. आपल्याच तालुक्यातल्या उमराणीजवळ शिवाजी महाराजांचे सेनापती प्रतापराव गुजर यांनी त्याला गाठलं आणि आधी पाण्याची वाट तोडली. त्या दिवसांत इथली जमीन कशी भाजते ते तू पाहिलंयस. माणसं, घोडी तहानेनं कासावीस झाली, खान शरण आला. प्रतापरावांनी त्याला जाऊ दिलं, त्यावर महाराज संतापले. तोच खान पुन्हा चालून आला, तेव्हा पुढच्या फेब्रुवारीत नेसरीला प्रतापराव सहा जणांनिशी त्याच्यावर तुटून पडले. नेसरी सगळ्यांना पाठ. उमराणी निदान जतच्या पोरांना तरी माहीत हवी!

दानम्मादेवी याच उमराणीची, बाराव्या शतकातली. म्हणजे तुमच्या वाडस्टेनाच्या संत बिर्गिटाच्याही आधीची. कार्तिकी अमावास्येला तिच्या यात्रेसाठी गुड्डापूरच्या वाटेवर मराठीपेक्षा कन्नडच जास्त कानावर पडतं. आपले संस्थानिक डफळे मूळचे चव्हाण, डफळापूरचे पाटील. जहागीर मिळाली तीही विजापूरच्या आदिलशाहीकडून. १९४८ साली संस्थान विलीन झालं.

तळं म्हणशील तर बिरनाळचं. देखणं नाही, काठावर हॉटेलं तर नाहीतच. पण गावाला प्यायचं पाणी तिथून येतं, त्यामुळं तळ्यात किती पाणी आहे याची चौकशी इथं पाहुण्यांच्या तब्येतीआधी होते. म्हैसाळला कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्यानं उचलून इकडं आणतात, त्यावर आता तळं भरून घेतात. तालुक्याचा पूर्व भाग मात्र वर्षानुवर्षं वाट पाहत राहिला. त्याच रागात २०२२ साली सीमेवरच्या काही गावांनी कर्नाटकात जायची भाषा केली. मुंबईत गडबड उडाली. आम्हाला त्यात नवल वाटलं नाही.

यायचं तर मार्गशीर्षात ये, यल्लम्माच्या यात्रेला. खिल्लार बैलांचा बाजार बघून तुझ्या स्वीडिश मित्रांचे डोळे विस्फारतील. त्यांनाही आण, पण किती जण ते आधी कळव; भाकरी मलाच थापायच्या आहेत.

तुझी,
आत्या