यकृतांतील चरबी आणि घरांतील कुजबूज

यकृताचा विकार म्हणजे मद्यपानाचें फळ, ही समजूत आपल्या समाजांत इतकी रुजली आहे कीं, डॉक्टरांनीं "यकृतांत चरबी सांठली आहे" असें सांगतांच रोग्याला औषधाआधीं खुलासा द्यावा लागतो. आमच्या एकत्र कुटुंबांत हेंच घडलें. आमच्या धाकट्या काकांनीं जन्मांत मद्याला स्पर्श केला नाहीं. पण तपासणीचा अहवाल आला आणि माजघरांत कुजबूज सुरू झाली. काका पंगतीला बसेनासे झाले. अशा लाजेनें कित्येक घरांत अहवाल दडविले जातात, आणि दुर्लक्षानें कांहींचें यकृत पुढें निबर होतें.

यकृताच्या प्रत्येक पेशींत सर्व जनुकांची पोथी असते. परंतु तिचीं सारीं पानें एकाच वेळीं वाचलीं जात नाहींत. कोणतें पान केव्हां उघडावयाचें, हें ठरविणारीं विशिष्ट प्रथिनें असतात. जेवणानंतर रक्तांत इन्सुलिन वाढतें, तेव्हां 'एसआरईबीपी-१सी' नांवाचें प्रथिन चरबी तयार करणारीं जनुकें जागीं करतें. साखर फार झाली म्हणजे 'सीएचआरईबीपी' हें दुसरें प्रथिन त्याला साह्य करतें. उलट, पोट रिकामें राहिलें कीं 'पीपीएआर-अल्फा' हें प्रथिन चरबी जाळणारीं जनुकें कामाला लावतें. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हें प्रथिन नसलेले उंदीर उपाशी ठेवले, तेव्हां अंगांतील चरबी यकृतांत आली खरी, पण ती पुरेशी जळेना. यकृत चरबीनें भरून गेलें.

शरीर इन्सुलिनाला दाद देईनासें झालें कीं हा जमाखर्च बिघडतो. विलक्षण असें कीं, यकृत साखर बनविणें थांबवीत नाहीं, आणि इन्सुलिनाच्या आज्ञेनें चरबी बनविणेंही चालूच ठेवतें. त्यांत आनुवंशिकतेची भर पडते. २००८ सालीं अमेरिकेंतील डॅलस येथील संशोधकांना 'पीएनपीएलए३' या जनुकांत एका अक्षराचा असा फरक आढळला कीं, तो ज्यांच्यांत असतो त्यांच्या यकृतांत चरबी अधिक सांठते. तेव्हां एकाच पंक्तीला तेंच अन्न खाणाऱ्या दोघां भावांपैकीं एकच या विकारांत सांपडला, तर नवल नाहीं.

तथापि सारा भार दैवावर टाकून बसणें योग्य नव्हे. जनुकें आपल्या हातीं नसलीं, तरी कोणतें पान वारंवार उघडावें, हें बव्हंशीं स्वयंपाकघरांत ठरतें. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर रताळ्याच्या गोड चकत्या असा बेत असेल, तर यकृताच्या दृष्टीनें तो उपवास नव्हेच. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण उगीच पडली नाहीं. वजन अधिक असलेल्यानें तें हळूहळू शेंकडा ७ ते १० नीं उतरविलें, तर यकृतांतील चरबी बहुधा स्पष्टपणें घटते. मधुमेहाचें औषध घेणाऱ्यांनीं मात्र डॉक्टरांस विचारल्यावांचून उपवास करूं नये.

२०२३ सालीं यकृततज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनीं या विकाराचें नांवच बदललें. जुन्या नांवांतील मद्याचा व चरबीचा उल्लेख रोग्यांना कलंकासारखा लागतो, हें त्याचें एक कारण होतें. आपल्या घरांतील वडील मंडळींनींही आपली भाषा तशीच बदलावी, असें आम्हांस वाटतें. आणि एकट्या रोग्याच्या ताटांतलें गोड काढून भागावयाचें नाहीं. चूल एक आहे, तेव्हां बेत साऱ्या घराचाच बदलला पाहिजे.