परत किती जातं?

मराठी विभागासाठी लिही असं सरांनी सांगितलं, तेव्हा मी आधी पळवाट शोधली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये, मराठी फक्त आजीशी बोलण्यापुरतं. पण ही गोष्ट मला इंग्लिशमध्ये सांगता येईना, कारण त्यातली माझी चूक सुटली ती हॉस्टेलच्या पाण्याच्या टाकीमुळे. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

आमची टीम फॉर्म्युला स्टुडंटसाठी गाडी बनवते. इंजिन 373 सीसीचं, सिंगल सिलिंडर बाईकचं, 43 हॉर्सपॉवरचं. फ्युएल सिस्टिम माझ्याकडे. पुढच्या वर्षी टर्बो लावायचा बेत होता, म्हणून मी ऐटीत तासाला 255 लिटरचा पंप आणला. मोठा तो चांगला, अजून काय! रेग्युलेटर मात्र एका छोट्या कारचा घेतला, 3 बारचा. हिशोब सोपा होता: ती कार 70 हॉर्सपॉवरची, आपलं इंजिन 43 चं. मग पुरेल की!

गाडी सुरू झाली आणि सायलेन्सरमधून काळा धूर. प्लग काढला तर काजळीने माखलेला. ट्यूनिंग करणारा सेकंड इयरचा मुलगा रात्र रात्र लॅपटॉप घेऊन बसायचा. त्याने आयडलचं पेट्रोल कमी केलं की गाडी छान चालायची, आणि दुसऱ्या दिवशी बॅटरी थोडी उतरलेली असली की तोच मॅप बिघडलेला! मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मी त्याला म्हटलं, “तुला मॅपिंग जमत नसेल तर सांग, दुसऱ्याला देऊ.” तो काही बोलला नाही. गेज 4.4 बार दाखवत होता, पण मी म्हटलं, गेज स्वस्तातला आहे.

मग तो रविवार. पहाटे सहाला वॉचमनकाका ओरडत होते, “मोटर बंद करा!” आमच्या हॉस्टेलला दिवाळीनंतर नवीन, मोठी मोटर बसवली आहे (लेडीज हॉस्टेलवाल्यांना ठाऊकच आहे), पण टाकीचा ओव्हरफ्लो पाइप जुनाच, अर्ध्या इंचाचा. पाइप भरून वाहतोय आणि उरलेलं पाणी भिंतीवरून धो धो खाली. मी ब्रश तोंडात घेऊन बघत राहिले. मग ब्रश तसाच ठेवून वर्कशॉपला पळाले.

कारण रेग्युलेटर हा आमचा ओव्हरफ्लो पाइप होता! इंजिन फुल थ्रॉटलला तासाला फार तर 13 लिटर पितं. आयडलला तर एक लिटरही नाही. बाकीचं सगळं रेग्युलेटरमधून टाकीत परत जातं. मी इंजिन किती पितं ते बघून रेग्युलेटर निवडला होता; परत किती जातं ते बघायला हवं होतं. त्या कारचा पंप आमच्यापेक्षा कितीतरी लहान.

तपासणी पाच मिनिटांची निघाली. इंजिन आयडलला असताना रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढली की दाब थोडा वाढायला हवा. आमचा काटा हलेचना. म्हणजे आतला व्हॉल्व्ह आधीच पूर्ण उघडा, बिचाऱ्याच्या हातात काहीच नाही. मग रिटर्नची नळी टाकीऐवजी कॅनमध्ये सोडली (बाहेर मोकळ्यावर आणि फायर एक्स्टिंग्विशर जवळ ठेवून, कोणी खोलीत करू नका), तरी दाब 4.2. म्हणजे दोष नळीत फारसा नाही, रेग्युलेटरमध्येच. इंजेक्टरचं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. 3 च्या जागी 4.4 बार म्हणजे 21 टक्के जास्त, आयडलला त्याहूनही. आणि व्होल्टेज बदललं की पंपाचा वेग बदलतो, त्याबरोबर दाबही. दाब रोज वेगळा असेल तर मॅप रोज बरोबर कसा येणार?

पंप परत करणं शहाणपणाचं झालं असतं. पण “इलेक्ट्रिकल माल परत घेत नाही,” असं दुकानदाराने ऐकवलं. मग नवीन रेग्युलेटर शोधताना हॉर्सपॉवरचा आकडा बघितलाच नाही. 3 बारला तो किती लिटर परत सोडू शकतो तेवढा तक्ता बघितला आणि 255 च्या बराच वरचा घेतला. रिटर्नची नळीही 6 मिमीवरून 8 मिमीची केली. टाकी पाच लिटरची, म्हणजे सगळं पेट्रोल सत्तर सेकंदांत एक फेरी मारून येतं आणि गरम होतं. ती डोकेदुखी अजून आहेच.

सोमवारच्या मीटिंगमध्ये मी उभी राहिले आणि सांगितलं की मॅप बरोबर होता, रेग्युलेटर मी चुकीचा निवडला. इंग्लिशमध्ये सुरुवात केली, मध्येच मराठीत आले. मग त्याच्याकडे बघून सॉरी म्हटलं. तो जरा वेळ लॅपटॉपमध्ये डोकं घालून होता.

“ताई, माझा पहिला मॅप मी डिलीट केला नव्हता,” तो म्हणाला. “टाकू का?”

टाकला. काटा 3 वर आला, व्हॅक्यूमची नळी लावल्यावर थोडा खाली. गाडी दहा मिनिटं आयडलला उभी होती, धूर नाही. मी प्लग काढून त्याच्याच हातात दिला.