३७ मिलिमीटर, ४३ अंश

लहान कॅबिनेटसाठी कूलर मागायला कुणी आलं, की मी पहिल्यांदा विचारतो, हा डबा कुठल्या खोलीत राहणार? प्रोसेसर कोणता, पैसे किती, हे सगळं नंतर. समोरचा जरा चक्रावतो. तो व्हिडिओ बघून, मॉडेल ठरवून आलेला असतो. "खोलीचं काय मालक, तुम्ही फॅन सांगा," म्हणतो. पण सोलापुरात निम्मा निर्णय खोलीच करून टाकते, मी उरलेला करतो.

याला कारण एक साधी वजाबाकी आहे. हवेवर चालणारा कूलर, मग तो हजाराचा असो की आठ हजारांचा, प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही. खोलीपेक्षा प्रोसेसर किती अंशांनी वर राहील, एवढंच त्याच्या हातात असतं. परीक्षणं करणारे बहुतेक लोक २०-२२ अंशांच्या खोलीत बसतात. तिथे एखाद्या बुटक्या कूलरखाली प्रोसेसर ७२ अंशांवर स्थिरावला, तर त्यांच्या दृष्टीने उत्तम. म्हणजे फरक झाला ५० अंशांचा. आता हाच ५० घेऊन मे महिन्यातल्या आपल्या वरच्या मजल्यावर या. बाहेर ४३, पत्र्याखाली दुपारभर तापलेली खोली ४०. झाले ९०. त्यात अरुंद कॅबिनेटमधली हवा खोलीपेक्षा चार-पाच अंश गरम असतेच. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेची मर्यादा ९५ अंशांची, इंटेलच्या अलीकडच्या बऱ्याच प्रोसेसरांची १०० ची. तिथे पोचल्यावर काही जळत वगैरे नाही. प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो आणि माणूस फोन करून सांगतो, "हँग होतंय."

असे फोन एप्रिलच्या मध्यापासून सुरू होतात. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा सोलापूरची हवा कशी छान असते. त्या दिवसांत जोडलेलं यंत्र टेबलावर इतकं गार चालतं, की गिऱ्हाईक खूश आणि दुकानदारही खूश. म्हणून हिवाळ्यात चाचणी घेताना पडद्यावर जो आकडा दिसतो त्यात मी मनातल्या मनात १५ मिळवतो. नव्वदीच्या पुढे गेला तर कूलर बदलतो, नाहीतर वॅट कमी करतो. वॅटचं पुढे सांगतो.

आधी जागेचा हिशेब. या लहान डब्यांचा सगळा खेळ मिनी-आयटीएक्स बोर्डावर चालतो: १७० मिलिमीटर लांब, तेवढंच रुंद. तैवानच्या व्हिया कंपनीने २००१ मध्ये हा आकार आणला, तेव्हाचे तिचे प्रोसेसर इतके कमी वीज खायचे की कूलरची कुणाला फारशी चिंता नव्हती. आज त्याच वीतभर बोर्डावर आठ कोअर बसतात. मोठ्या कॅबिनेटमध्ये १५५-१६० मिलिमीटर उंचीचा टॉवर उभा करता येतो आणि विषय संपतो. लहान डब्यात प्रोसेसरच्या माथ्यापासून बाजूच्या पत्र्यापर्यंत किती अंतर आहे, त्यावर सगळं अडतं. जर्मनीतल्या डॅन केसेसचा ए४-एसएफएक्स हा ७.२ लिटरचा गाजलेला डबा घ्या. कूलरला त्यात मिळतात ४८ मिलिमीटर. थर्मलराइटचा एएक्सपी९०-एक्स४७ बरोबर ४७ चा आहे, तो योगायोग नव्हे. त्याहून पातळ डब्यांसाठी नॉक्टुआचा एनएच-एल९आय, ३७ मिलिमीटरचा. आणि ७० मिलिमीटर मिळत असतील तर त्याच कंपनीचा एनएच-एल१२एस, १२० मिलिमीटरचा पंखा घेऊन.

३७ आणि ४७ मध्ये फरक बोटाच्या पेराएवढाही नाही. पण त्या ३७ मधले १४ मिलिमीटर पंखाच खातो. उरलेल्या २३ मध्ये तळ, नळ्या आणि पात्या. उंची दहाने वाढली की ती जवळजवळ सगळी पात्यांच्या वाट्याला येते. शिवाय नॉक्टुआच्या त्या बुटक्यात उष्णतावाहक नळ्या दोन आहेत, थर्मलराइटच्यात चार. या नळ्या म्हणजे हीटपाइप. त्या भरीव तांब्याच्या असतात असा अनेकांचा समज असतो. आत पोकळी असते, हवा काढून घेतलेली, आणि थेंबभर पाणी. दाब इतका कमी की ते पाणी शंभर अंशांची वाट न बघताच वाफ होतं, थंड टोकाला जाऊन परत पाणी होतं आणि आतल्या बारीक जाळीतून झिरपत मूळ जागी येतं. अमेरिकेत लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये हे काम पुढे आणलं, तेही अंतराळात वापरायच्या यंत्रणांसाठी. एखादं पोरगं कूलर बसवताना नळी वाकवायला गेलं, की मी त्याचा हात धरतो. ती चिमटली तर आतला पाण्याचा फेराच अडतो.

संपूर्ण तांब्याचा कूलर घेऊ का, असं वालचंद कॉलेजची मुलं हमखास विचारतात. तांबं उष्णता अॅल्युमिनियमच्या दीडपटीहून जास्त चांगली वाहून नेतं, खरं आहे. वजनही तिपटीहून जास्त. आणि इतक्या आखूड पात्यांत फरक पडतो तो दोन-तीन अंशांचा. तेवढ्या पैशांत चांगला पंखा येतो. दिसायला मात्र तांबं देखणं, त्यात वाद नाही.

आता सोलापूरची खास अडचण. पूर्व भागात माझी बरीच गिऱ्हाइकं आहेत. खाली माग, वर घर, आणि वरच्याच एका खोलीत चादरीचं नाहीतर टॉवेलचं डिझाइन करायचा कॉम्प्युटर. पूर्वी आलेखाच्या कागदावर चौकटी रंगवून जकार्डची पुठ्ठ्याची कार्डं पाडायचे, आता ते काम पडद्यावर होतं. अशा ठिकाणी आवाजाची कुणाला पर्वा नसते. परीक्षणवाले ज्या पंख्याला कर्कश म्हणून नापास करतात, तो मागांच्या खडखडाटात कुणाच्या कानापर्यंत पोचतच नाही. काम हलकं असल्यामुळे वॅटही कमी लागतात. म्हणजे ३७ मिलिमीटरचा कूलर इथे पास व्हायला हवा. नापास होतो तो कापसामुळे.

मागाच्या हवेत तंतू उडत असतात. टॉवेलच्या मागावर जास्तच, कारण टॉवेलच्या फुलांसाठी लागणारं सूत कमी पिळाचं असतं. हे तंतू पंखा खेचून घेतो, आणि पात्यांमधल्या दीड-दोन मिलिमीटरच्या फटींच्या तोंडाशी ते अडकतात. एकावर एक बसत त्यांचा नमदा तयार होतो. वरून बघाल तर पंखा चकाचक फिरतोय, आणि त्याच्या खाली हवेचा रस्ता पार बंद. साध्या मातीची धूळ ब्लोअरने उडते. हा नमदा उडत नाही, चिमट्याने उचलून काढावा लागतो. त्यासाठी पंखा बाजूला घेता आला पाहिजे. एएक्सपी९० चा पंखा तारेच्या क्लिपांवर असतो, नखाने निघतो. नॉक्टुआच्या त्या बुटक्याचा पंखा चार स्क्रूंवर, आणि सगळा कूलर काढायचा म्हटलं तर बोर्डाच्या मागून, म्हणजे लहान डब्यात आख्खा बोर्डच बाहेर. कारागिरीत तो कूलर नंबर एक आहे. पण कन्ना चौकाच्या पलीकडे दर महिन्याला त्याचा बोर्ड कोण काढणार? तिथे मी क्लिपवाला देतो आणि मागवाल्या अण्णांना चिमटा कसा धरायचा ते दाखवतो.

जाळी लावावी का? लावावी, पण बाहेरून, चुंबकाने चिकटणारी, जी जेवायला उठताना हाताने झटकता येईल. आतल्या जाळीची आठवण कुणालाच राहत नाही.

अजून एक गोष्ट कॅबिनेटच्या जाहिरातीत कधी नसते: पंखा आणि बाजूचा जाळीदार पत्रा यांतलं अंतर. पंखा पत्र्याच्या जवळ असेल तर तो बाहेरची ताजी हवा ओढतो. मध्ये दोन बोटं पोकळी राहिली तर स्वतःचीच गरम हवा पुन्हापुन्हा गिळत बसतो. अशा डब्यात बुटका कूलर बसवून "जागा उरली" म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. एक तर उंच कूलर घ्यावा, नाहीतर पंख्याभोवती फोमची कड लावून पत्र्यापर्यंत बोगदा करावा. पंख्याचं पातं पत्र्याला अगदी भिडवूही नये, गुरगुरतं. दोन-तीन मिलिमीटर सोडले की पुरे. रॅमची साधी पट्टी ३१ मिलिमीटरच्या आसपास उंच असते. तिच्यावर नक्षीदार टोप असेल तर रुंद कूलर तिला अडतो, आणि मग टोप की कूलर, असा कौल लावावा लागतो. मी टोप काढायला सांगतो.

आता वॅट. लग्नाचं शूटिंग करणारा एक एडिटर आहे. एप्रिल-मेची तिथ धरून त्याची कामं येतात, म्हणजे सोलापूर सगळ्यात तापलेलं असताना त्याचा प्रोसेसर तासन् तास शंभर टक्के चालतो. जागा टेबलाच्या कोपऱ्यापुरती, म्हणून डबा लहान. कागदावर "६५ वॅट" लिहिलेला रायझन सॉकेटमधून ८८ वॅटपर्यंत ओढतो. इंटेलच्या आय५-१२४०० वरही ६५ लिहिलंय आणि भरात आला की परवानगी ११७ ची आहे. बुटक्या कूलरला ४० अंशांच्या खोलीत हे पेलत नाही. मग मी बायोसमध्ये जाऊन मर्यादा ६५ वर आणतो, कधी त्याच्याही खाली. शेवटचे थोडेसे मेगाहर्ट्झ मिळवायला प्रोसेसर व्होल्टेज वाढवतो, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे वेग थोडाच जातो, पण उष्णता भरपूर जाते. एडिटर आधी कुरकुरला, पैसे पूर्ण दिले आणि ताकद अर्धी का, म्हणून. त्याला दोन्ही प्रकारे तीच फाइल एक्स्पोर्ट करून दाखवली. मर्यादा न घातलेला प्रोसेसर दुपारी गरम होऊन वेग उतरवत होता, चढवत होता, परत उतरवत होता. घातलेला एका चालीने गेला आणि जवळपास त्याच वेळेला पोचला.

त्याच्या खोलीत पत्र्याचा डेझर्ट कूलर आहे, गवताच्या जाळ्यांचा. आपल्या कोरड्या उन्हात तो खोली छान उतरवतो आणि प्रोसेसरलाही तेवढेच अंश मिळतात. फक्त त्याच्या थेट झोतात डबा ठेवू नये. इथल्या जड पाण्याचे बारीक तुषार बोर्डावर सुकले की पांढरा थर धरतात.

हल्ली तयार मिनी पीसी येतात, तळहातावर मावणारे. कूलर निवडायचा प्रश्नच नाही, आत लॅपटॉपसारखा चपटा ब्लोअर बसवूनच येतो. दवाखान्याच्या काउंटरला किंवा बँकेच्या कामाला मी तेच सुचवतो, आणि स्वस्तही पडतात. मात्र त्यांतल्या बऱ्याच डब्यांत पंख्यापर्यंत पोचायला सगळं उसकून काढावं लागतं. मागाच्या घरी असला डबा मागितला तर मी आधी दुकानातच तो उघडून अण्णांच्या पुढ्यात ठेवतो. बघा, म्हणतो, एवढे स्क्रू, दर महिन्याला. बहुतेक जण ४७ मिलिमीटरवर परत येतात. एकदोघांनी तरीही तोच नेला, आणि साफ करायला ते माझ्याकडेच आणून देतात.