मुठीतलं ॲम्प्यूल

दर दुसऱ्या शनिवारी दवाखान्याच्या बाकावर मी ते ॲम्प्यूल मुठीत धरून बसते. आतलं औषध एरंडेलात असतं. गार असलं की सिरिंजमध्ये लवकर चढत नाही, मुठीच्या उबेनं सैल होतं. हेच एरंडेल लेकीला लहानपणी मी नाक दाबून पाजलेलं. तेव्हा घरात सगळे तिला मुलगा म्हणायचे.

वडाळे तलावाच्या काठी बसून तिनं मला सगळं सांगितलं, तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. मी रडले, पण खरी घाबरले ती नंतर, तिच्या कपाटात गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटं सापडली तेव्हा. कुणीतरी सांगितलं म्हणून ती रोज चार-चार गिळत होती.

हार्बर लोकलनं मुंबईच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आधी त्या गोळ्या थांबवल्या. त्यांतल्या इथिनिल इस्ट्राडिओलमुळे रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. मग रक्ततपासण्या, लिव्हरची तपासणी. पुढे स्वतःचं मूल हवंसं वाटलं तर वीर्य आधीच गोठवून ठेवायला हवं, हेही त्यांनी माझ्यादेखत सांगितलं. लेक खाली बघत राहिली. मला मात्र बरं वाटलं, कुणीतरी तिच्या पुढच्या आयुष्याचा विचार करत होतं.

इंजेक्शनचं नाव इस्ट्राडिओल व्हॅलरेट. 1954 पासून वापरात आहे. इस्ट्राडिओलला एक शेपूट जोडलेलं असतं, म्हणून ते तेलात मुरून स्नायूत साठतं आणि थोडं थोडं रक्तात उतरतं. शरीरात शेपूट तुटतं; उरतं ते बाईच्या बीजकोशात तयार होतं तेच. आवाज यानं बदलणार नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं. डोस वाढवायचा हट्ट लेकीनं दोनदा केला, दोन्ही वेळा त्यांनी रिपोर्ट पुढे ठेवून नाही म्हटलं.

माझी जीभ अजून अडखळते. "आलास?" म्हणते आणि मग "आलीस?" ती चपला काढता काढता थांबते, दुसऱ्या शब्दाची वाट बघत.

पनवेलच्या औषधाच्या दुकानात पहिल्यांदा गेले, तेव्हा औषधाचं नाव ऐकून, चिठ्ठी हातात घेण्याआधीच दुकानदारानं विचारलं, "काकू, तुम्हालाच का? पाळी गेल्यावर फार त्रास होतो." पाळी गेलेल्या बायकांनाही हेच देतात. मी पटकन "हो" म्हटलं आणि घरी येईपर्यंत ते "हो" मला टोचत राहिलं.

पुढच्या खेपेला त्यानं विचारलंही नव्हतं. मीच म्हटलं, "लेकीसाठी हवंय."