अण्णांचें सोवळें

सोवळें या शब्दाचा अर्थ आम्हांस चांगला ठाऊक आहे, अशी आमची वयाच्या साठीपर्यंत समजूत होती. बदलापूरच्या घरीं आजीच्या सोवळ्याला धक्का लागला म्हणून आम्हीं लहानपणीं पुष्कळ मार खाल्ला आहे. पुढें अंबरनाथच्या एका शाळेंत संस्कृत शिकवितांना 'शौच' या शब्दाची व्युत्पत्तिहि अनेक वेळां फळ्यावर लिहिली आहे. परंतु ज्या सोवळ्याची हकीकत आज वाचकांस सांगावयाची आहे, तें आमच्या वडील बंधूंच्या प्राणासाठीं घरांत आलें. आणि तें मोडण्याचें पातक आमच्याच हातून घडलें.

आमचे वडील बंधु अण्णा हे अंबरनाथच्या विम्कोच्या आगपेट्यांच्या कारखान्यांत नोकरीस होते. तो कारखाना कधींच बंद पडला. आज नाक्याला तेवढें त्याचें नांव उरलें आहे. वाढलेल्या रक्तदाबाची अण्णांनीं कधीं पर्वा केली नाहीं, आणि २०१८ च्या पावसाळ्याअखेर त्यांचीं दोन्ही मूत्रपिंडें थकल्याचें मुंबईच्या डॉक्टरांनीं सांगितलें. डायलिसिस हा शब्द आम्हीं पहिल्यानें वर्तमानपत्रांत वाचला तो १९७५ च्या सुमारास, जयप्रकाश नारायण यांच्यावर जसलोक रुग्णालयांत ते उपचार चालू झाले तेव्हां. तो शब्द एके दिवशीं आपल्याच माजघरांत बिऱ्हाड करील, असें त्या वेळीं कोणास वाटलें असतें?

डॉक्टरांनीं दोन मार्ग सांगितले. एक, आठवड्यांतून तीन वेळां रुग्णालयांत जाऊन चार चार तास यंत्रावर रक्त शुद्ध करून घेणें. दुसरा, घरच्या घरीं पोटाचें डायलिसिस. कर्जत लोकलची गर्दी ज्यानें पाहिली आहे, त्यास अण्णांनीं दुसरा मार्ग कां पत्करला हें सांगावयास नको.

या दुसऱ्या मार्गाची उपपत्ति मोठी मनोरंजक आहे. आपल्या आंतड्यांभोवतीं एक पातळ पडदा असतो. त्यास डॉक्टर पेरिटोनियम म्हणतात. तो उलगडून पसरला तर एक ते दोन चौरस मीटर भरेल. पोटांत कायमच्या बसविलेल्या मऊ नळींतून दोन लिटर पाणी आंत सोडावयाचें, कांहीं तास तें तेथें ठेवावयाचें आणि मग काढून टाकावयाचें. तेवढ्या अवधींत रक्तांतील विषारी द्रव्यें पडद्यांतून पाझरून पाण्यांत येतात. आणि पाण्यांत घातलेली साखर शरीरांत सांचलेलें जादा पाणी ओढून घेते. असें दिवसांतून चार वेळां. जर्मनींतील गँटर यांनीं १९२३ सालीं याचा पहिला प्रयोग मनुष्यावर केला. १९६८ मध्यें टेंकहॉफ यांची नळी आली. आणि १९७६ त टेक्सासमधील पॉपोविच व मॉन्क्रीफ या जोडीनें रोग्यानें हिंडतफिरतां करण्याची ही रीत मांडली. आपल्या देशांत ती १९९१ मध्यें आली.

उल्हासनगरच्या कॅंपांतील एका सुताराकडून आम्हीं पिशवी टांगण्यासाठीं उंच घोडा करून आणला. पहिल्या दिवशीं पिशवी वर लटकलेली आणि खालीं अण्णा स्वस्थ बसलेले पाहून वहिनी म्हणाल्या, "भावोजी, ही तर महादेवावरची गळतीच झाली!" अंबरनाथचें शिवालय शके ९८२ चें, म्हणजे इसवी सन १०६० चें. तेथें आम्ही विद्यार्थ्यांना नेहमीं नेत असूं, आणि हलाहलाच्या दाहाची कथा सांगत असूं. विष पचविलें तरी दाह उरतोच, म्हणून देवावर पाण्याची संततधार धरावयाची. ती कथा वैद्यकास किती जवळची आहे, हें आम्हांस पुढें समजलें.

या विधीचें सोवळें कडक आहे. खिडकी लावावयाची, पंखा बंद करावयाचा, तोंडावर पट्टी बांधावयाची, हात साबणानें नीट धुऊन कोरडे करावयाचे, आणि नळीचें उघडें टोंक कशालाहि लागूं द्यावयाचें नाहीं. खोलींत येण्याजाण्यास त्या वेळीं सक्त मनाई. अण्णांची सून हें सर्व रुग्णालयांत शिकून आली. तिनें आम्हांसहि शिकविलें. २०१९ च्या जुलैअखेर उल्हास नदीला पूर आला, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पाण्यांत अडकून हजारांहून अधिक उतारूंना सोडवावें लागलें. त्या दिवशीं ना वीज होती, ना गाडी. यंत्रावर अवलंबून असलेल्यांचे काय हाल झाले असतील देव जाणे. अण्णांच्या चारहि पिशव्या मात्र विजेरीच्या उजेडांत वेळच्या वेळीं बदलल्या गेल्या. आम्हीं मनांत म्हटलें, हें शास्त्र आपणांस चांगलें साधलें. अहंकार येतो तो असा.

त्या वर्षीं २ सप्टेंबरला गणपति बसले. तिसऱ्या दिवशीं घरांत वीसेक पानें होतीं. सूनबाई वाढण्यांत गुंतलेली, म्हणून दुपारची पिशवी आम्हीं लावली. पाहुण्यांपैकीं एक गृहस्थ दारांत उभे राहून बोलत होते. आम्हीहि बोलत होतों. तोंडावर पट्टी नव्हती, पंखा चालू होता. नळीचें टोंक आमच्या उपरण्याच्या कांठास ओझरतें लागलें. तें आम्हांस दिसलें. नवी पिशवी घ्यावयास हवी होती, डॉक्टरांस विचारावयास हवें होतें. पण पानें मांडलीं होतीं. आम्हीं टोंक तसेंच जोडलें.

पोटांतून निघालेलें पाणी स्वच्छ आहे कीं नाहीं हें पाहण्याची एक सोपी रीत आहे. पिशवीखालीं छापील कागद धरावा. अक्षरें वाचतां आलीं पाहिजेत. आम्ही पंचांगाचें पान धरीत असूं. ६ सप्टेंबरच्या सकाळीं तिथि दिसेना. अण्णांच्या पोटांत कळा येत होत्या. ती गढूळ पिशवी तशीच बरोबर घेऊन आम्ही मुंबईस गेलों. पाण्याच्या एका घन मिलिमीटरमध्यें १०० हून अधिक पांढऱ्या पेशी, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक झुंजार जातीच्या असल्या, म्हणजे पडद्याला संसर्ग झाला असें समजतात. अण्णांच्या पाण्यांत त्या पुष्कळच होत्या.

डॉक्टरांनीं विचारलें, "कांहीं चूक झाली का?" सूनबाई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "सणाची गडबड होती. माझ्याकडूनच झालें असेल." आम्ही जवळच उभे होतों. पस्तीस वर्षें मुलांना सत्यवचनाचा पाठ दिलेल्या आमच्या तोंडून अक्षर निघालें नाहीं.

औषध पिशव्यांतूनच पोटांत जाऊं लागलें; उतार पडला. चौथ्या दिवशीं डॉक्टर निवांत होते, तेव्हां आम्हीं विचारलें, "विष तर बाहेर निघतें, मग दाह कसला?" त्यांनीं जें सांगितलें त्याचा सारांश असा. मूत्रपिंडें थकलीं कीं रक्तांत उरलेल्या मळामुळें शरीराचें रक्षकदळ सदा सावध, सदा चिडलेलें असतें. त्या पांढऱ्या पेशी जंतूंवर जें अस्त्र सोडतात, तें ऑक्सिजनपासून केलेलें असतें. पिण्याच्या पाण्यांत जी ब्लीचिंग पावडर टाकतात, तिच्यांतील जंतुघ्न द्रव्यच या पेशी स्वतः बनवितात. शत्रु असो वा नसो, तें अस्त्र थोडें थोडें सुटत राहतें आणि घरच्याच भिंती जाळतें. यालाच ते ऑक्सिडेशनचा ताण म्हणतात.

शेजारच्या खाटेवरून अण्णा म्हणाले, "अरे, ही तर आगपेटीचीच गोष्ट. काडीच्या गुलांत ऑक्सिजन देणारें पोटॅशियम क्लोरेट, आणि पेटीच्या बाजूवर तांबडा फॉस्फरस. दोन्ही वेगळीं ठेवलीं म्हणून माणूस पेटी खिशांत घालून हिंडतो." डॉक्टर हंसून म्हणाले, "बरोबर. निरोगी देहांत तें अंतर राखणारीं द्रव्यें असतात. या रोगांत तीं अपुरीं पडतात."

दुसरें कारण त्या पाण्यांतच आहे. औषध म्हणावें तें पाणी साखरेचें. आणि तें जंतुरहित करण्यासाठीं तापवितात, तेव्हां साखर मोडून कांहीं दाहक द्रव्यें उत्पन्न होतात. शिवाय साखर प्रथिनांस चिकटते. पोळीला तव्यावर जो खरपूस तांबूस रंग येतो, त्याच जातीची ही क्रिया. देहांत ती मंदपणें वर्षानुवर्षें चालते. त्यामुळें पडदा जाड होतो, त्यांत नव्या रक्तवाहिन्या फुटतात, आणि पुढें पुढें तो पाणी ओढीनासा होतो. ज्या धारेनें विष धुवावयाचें, तीच थोडथोडी भाजते. दाहानें अन्नावरची वासना जाते, अंगांतील मांस झडतें, आणि रक्तवाहिन्या कठीण होतात. या रोग्यांचा शेवट पुष्कळदां हृदयविकारानें होतो तो यामुळेंच. कुपोषण, दाह आणि रक्तवाहिन्यांचा काठिण्यरोग हीं तिन्ही एकमेकांस धरून चालतात, असें स्टॉकहोमच्या संशोधकांनीं १९९९ मध्यें दाखविलें. आणि असा एकेक संसर्ग म्हणजे त्या मंद निखाऱ्यावर घातलेली फुंकर.

ही फुंकर कोणी घातली, हें त्या खोलींत आम्हां एकट्यासच ठाऊक होतें. रात्रीं सूनबाई डबा घेऊन आली तेव्हां अण्णांसमक्ष आम्हीं सर्व सांगितलें: उपरण्याचा कांठ, चालू पंखा, आणि तिच्यावर आळ येत असतां धरलेलें मौन. ती खालीं पाहूं लागली. अण्णा बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "चूक कोणाकडूनहि होते. पण तूं ती त्याच दिवशीं सांगितली असतीस, तर औषध दोन दिवस आधीं सुरू झालें असतें." वेदना त्यांना झाल्या होत्या, बोलणें एवढेंच. आम्हांस तें पुरून उरलें.

घरीं आल्यावर नवे नियम लागले. या उपचारांत दररोज पांच-दहा ग्रॅम प्रथिनें पाण्यावाटे वाहून जातात, म्हणून भरपूर प्रथिनें हवींत. पनीर, डाळी, दहीं यांचें मान डॉक्टरांनीं ठरवून दिलें, तरी रक्तांतील प्रथिन वाढेना; तेव्हां त्यांनीं अंड्याचा पांढरा भाग सुचविला. पिवळा नको, कारण त्यांत फॉस्फरस फार. अण्णा म्हणाले, "या वयांत हें नको." आम्ही गप्प. निकाल वहिनींनीं दिला. गॅलरींत वेगळी शेगडी, वेगळें पातेलें, आणि स्वतः उकडलेलीं अंडीं. म्हणाल्या, "माझं सोवळं मी सांभाळीन. तुम्ही समोरचं खा." ज्या बाईनें चाळीस वर्षें चातुर्मास मोडला नाहीं, तिनें हें केलें.

पापड-लोणच्यांची रजा झाली. मिठानें तहान लागते, तहानेनें पाणी सांचतें, तें काढावयास दीड टक्क्याऐवजीं अडीच किंवा सव्वाचार टक्के साखरेची पिशवी लागते, आणि जास्त साखरेनें पडदा जास्त भाजतो. लोणच्याची फोड आणि पोटांतला दाह यांचा संबंध असा सरळ आहे. हिरड्यांतून रक्त येत असे, तेथेंहि दाहाचें ठाणें असतें म्हणून दांतांचे उपचार झाले.

एका आप्तांनीं 'अँटीऑक्सिडंट' चूर्णाचा महागडा डबा आणला. दाह ऑक्सिडेशनचा, तर त्यावर उतारा हाच, असा त्यांचा न्याय. न्याय बरा दिसतो. पण अशा रोग्यांचें आयुष्य जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रांनीं वाढतें असें सिद्ध झालेलें नाहीं, आणि 'क' जीवनसत्त्व फार झालें तर त्याचें ऑक्झलेट बनून तें थकल्या मूत्रपिंडांतून बाहेर पडत नाहीं. कमरखासारखें साधें फळहि या रोग्यांच्या मेंदूवर विषासारखा परिणाम करतें. तेव्हां वाचकांनीं प्रेमानें आणलेली वस्तुहि डॉक्टरांस दाखविल्यावांचून रोग्याच्या तोंडांत घालूं नये. डबा आम्हीं सविनय परत केला.

२०२० च्या मार्चमध्यें लोकल बंद झाल्या तेव्हांहि अण्णांचा नेम चुकला नाहीं. आतां मात्र पडदा जुना झाला आहे; साखर चटकन शोषून घेतो, पाणी कमी ओढतो. म्हणून रात्रीच्या पिशवींत साखरेऐवजीं मक्याच्या पिठापासून केलेलें आयकोडेक्स्ट्रिन असतें. तेंहि पुरेनासें झालें, तर यंत्राचा मार्ग धरावा लागेल, हें डॉक्टरांनीं सांगून ठेवलें आहे. अण्णांस तें ठाऊक आहे, आणि ते रोज सकाळीं वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात.

आजीचें सोवळें आम्हांस जाच वाटे, कारण तें कोणासाठीं आहे हें आम्हांस दिसत नसे. हें सोवळें ज्याच्यासाठीं, तो मनुष्य समोर बसलेला असतो. रात्रीं दहाची पिशवी अजून आमच्याकडे आहे. ती काढून घ्यावी असें कोणी सुचविलें नाहीं, हा त्यांचा मोठेपणा. पट्टी बांधून, हात धुऊन आम्ही खुर्चीपाशीं येतों, तोंच दाराबाहेरून सूनबाईचा प्रश्न येतो, "काका, पंखा?" आणि बंद केल्याचें पक्कें आठवत असतांहि आम्ही मान वर करून एकदां पाहून घेतों.